झोपाळू आणि उपाशी

९ मार्च

प्रिय वकीलबाई,

सप्रेम नमस्कार. चार महिन्यांनी पत्र, तेही कागदावर, म्हणून दचकू नकोस. घरी सगळे ठणठणीत आहेत. आधी फोनवरच लिहायला बसले होते. सात वेळा लिहिलं, सात वेळा पुसलं आणि शेवटी ‘कशी आहेस’ एवढेच दोन शब्द उरले. शाईचं पुसता येत नाही, म्हणून हा मार्ग.

नवी नोकरी कशी आहे? खोलीला खिडकी आहे का? तुझ्या आईंना माझा नमस्कार सांग.

इकडची बातमी अशी की आईच्या लाँड्रीला हॉस्पिटलच्या नव्या इमारतीचंही काम मिळालं. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे गाऊन, सगळं दुप्पट. सहाच्या आठ बायका झाल्या. आणि हॉस्पिटलने वापरून झालेले सहा लॅपटॉप आम्हाला देऊन टाकले आहेत. ते कपाटावर रांगेत बसलेत. आई रोज त्यांच्यावरून फडकं फिरवते आणि विचारते, "यांचं काय ठरलं?" मी म्हणते, बघू.

पण पत्राचं कारण ते नाही. कारण आहेत आपले जुने दोन लॅपटॉप.

त्यांवर कोणतं इनिट टाकायचं यावरून आपलं भांडण सुरू असताना आईने एकदा मध्येच विचारलं होतं, ते इनिट की काय ते आहे तरी काय. मी सांगितलं होतं, यंत्र चालू केलं की जो सगळ्यांत आधी उठतो आणि बाकीच्या सगळ्यांना हाका मारून कामाला लावतो, तो प्रोग्रॅम. आई म्हणाली, "म्हणजे घरातली मीच की. त्यात निवडायचं काय?" आपण दोघी तिला समजवायला गेलो आणि पुन्हा एकमेकींवरच घसरलो. असे दोन प्रोग्रॅम आपल्यापुढे होते. तुला सिस्टिमडी हवं होतं, कारण सगळं जग तेच वापरतं आणि अडलं तर विचारायला माणसं असतात. मला रनिट हवं होतं, कारण ते छोटं आहे आणि त्याचा कोड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचता येतो. शेवटी वाटण्या झाल्या. मोजणीच्या टेबलावरचा लॅपटॉप तुझा, घड्यांच्या टेबलावरचा माझा. काम दोघांनाही एकच. प्रत्येक गठ्ठ्याची चिठ्ठी छापायची : कोणता वॉर्ड, किती नग, कोणती तारीख.

गेल्या गुरुवारी आई चष्मा विसरून कामावर गेली. माझी ड्यूटी दुपारची, म्हणून मी सकाळी साडेसहाला तो द्यायला गेले. बघते तर तुझ्या लॅपटॉपच्या झाकणात कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा आडवा खुपसलेला. आणि माझ्या लॅपटॉपसमोर प्रेसवाल्या मावशी उभ्या. इस्त्रीची पिन काढून त्यांनी चार्जरची लावली, वर त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "ऊठ रे उपाश्या, जेव."

मी दारात आहे हे कळल्यावर सगळ्याजणी एकदम फार मन लावून घड्या घालायला लागल्या.

वकीलबाई, तुझ्या लॅपटॉपचं नाव झोपाळू आहे आणि माझ्याचं उपाशी. चार महिन्यांपासून. झोपाळूचं झाकण लावलं की तो झोपतो आणि छपाई मध्येच थांबते. ‘वॉर्ड चार, चादरी’ एवढं छापून पुढे कोरा कागद. म्हणून तो चिमटा, झाकण पुरतं मिटू नये यासाठी. उपाशी झाकण लावलं तरी झोपतच नाही. संध्याकाळी त्याला मिटून सगळ्या घरी जातात, हा अंधारात जागा राहतो आणि सकाळी बॅटरी शून्य.

त्याचं कारण मला तिथेच उभ्या उभ्या कळलं आणि कान गरम झाले. मी नियम केला होता ना, जे मी स्वतः वाचलेलं नाही ते या लॅपटॉपवर चालू करायचं नाही. झाकणावर लक्ष ठेवणारी एक छोटी सेवा, म्हणजे मागे गुपचूप चालणारा प्रोग्रॅम, असते. ती वाचायची राहिली होती, म्हणून चालू केली नव्हती. नंतर विसरले. तत्त्व एवढं कडक की लॅपटॉपला झोपच नाही.

आई चष्मा पुसत म्हणाली, "तुम्ही दोघी चार दिवस इथे बसून भांडलात. एकीनंही विचारलं नाही, बाई, तुम्ही झाकण लावता कशासाठी?"

तर ऐक कशासाठी. मोठ्या मशीनचं दार उघडलं की वाफेचा लोट थेट टेबलांवर येतो. दोन कॅल्क्युलेटर त्याने गेलेत. म्हणून दहा मिनिटं झाकण लावायचं, पण छपाई चालू राहिली पाहिजे, कारण हॉस्पिटलची गाडी दारात उभी असते. संध्याकाळी मात्र झाकण लावलं की त्याने झोपायला हवं. एकच झाकण आणि त्याचे दोन अर्थ.

मी आईला म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "काय सांगायचं? एकीचं चुकलं म्हटलं असतं तर दुसरी जिंकली असती. आणि तुझी मैत्रीण तर आधीच निघून गेली होती."

मग मी विचारलं, संध्याकाळ झाली हे लॅपटॉपला कळणार कसं? घड्याळ बघून चालणार नाही, कधी काम आठपर्यंत जातं. आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती डाग न जाणाऱ्या चादरीकडे पाहते. "संध्याकाळी आम्ही प्रिंटर बंद करून जातो ना. प्रिंटर चालू असेल तर जाग, बंद असेल तर झोप."

सातवी शिकलेली माझी आई. मी तिथेच खुर्ची ओढली. उपाशीच्या छपाईच्या फाइलीतच झाकणाचं लिहिलं, सगळ्या मिळून अकरा ओळी झाल्या. प्रेसवाल्या मावशींनी नऊ वेळा झाकण लावून आणि उघडून बघितलं, प्रिंटर चालू करून आणि बंद करून. मग सगळ्यांना बोलावून दहाव्यांदा दाखवलं. उपाशीचं नाव बदलायचं का यावर चर्चा झाली, पण नाव आता अंगवळणी पडलंय म्हणतात.

तुझ्या झोपाळूला मी हात लावलेला नाही. चिमटा अजून तसाच आहे. त्याचं काय करायचं ते लिहून कळवशील का? किंवा कधी इकडे येणं झालं तर बघ.

आणखी काय लिहू. लिहिण्यासारखं बरंच आहे, पण मावशी पत्र टपालात टाकायला निघाल्यात.

कळावे,
मास्तरीण


२१ मार्च

प्रिय वकीलबाई,

तुझं पत्र काल आलं. पाकिटावरचं अक्षर आईने लांबूनच ओळखलं आणि हातातलं काम टाकून ते मला आणून दिलं. त्यावरून ती किती वाट बघत होती ते तू समज.

तू तीन मुद्दे लिहिलेस, आकडे घालून, तुझ्या पद्धतीने. पहिला, झाकणाचं तूही विचारलं नव्हतंस, आलं तसं राहू दिलंस, तेव्हा चूक निम्मी निम्मी. हा मान्य. दुसरा, सहाही लॅपटॉपवर रनिटच टाकू, तुझं खरं. त्यावर मागाहून बोलते. तिसऱ्यात एकच ओळ : ‘सगळं लिहिलंस, ते एक वाक्य सोडून. ते लिहिलंस तर शनिवारी येते.’

लिहिते.

त्या दिवशी सगळ्यांसमोर मी तुला म्हणाले, "तू इथे मन रमवायला येतेस, आम्हाला इथे जगायचंय."

ते खोटं होतं, आणि म्हणतानाच मला माहीत होतं की खोटं आहे. एका मावशींचं मनगट मोडलं होतं तेव्हा तीन आठवडे त्यांच्या जागी उभं राहून अभ्रे इस्त्री करणारी तू होतीस. पहिल्याच दिवशी कोपराजवळ भाजलं होतं तुला, तो डाग असेल अजून. मन रमवायला कोणी असं करत नाही. तुझ्या घरी आजोबांपासून सगळे शिकलेले, हे मी तुझ्या तोंडावर फेकलं, जणू तो तुझा गुन्हा आहे. पिशवी उचललीस, आईला ‘येते’ म्हणालीस, आणि आठवड्याने जी नोकरी तू घ्यावी की नाही म्हणत होतीस ती घेऊन गेलीस.

मी तसं का म्हणाले तेही लिहिते, म्हणजे एकदाचं होऊन जाईल. त्याच्या मिनिटभर आधी तू विचारलं होतंस, "सिस्टिमडीची एक तरी फाइल उघडून बघितलीस का?" मी बघितली नव्हती. माहितीपुस्तिका उघडली होती. तिची लांबी बघितली आणि मिटून टाकली. तू म्हणशील, मग तसं सांगायचं. पण तुला आमच्या घराची रीत माहीत नाही. औषधाची चिठ्ठी असो, बँकेचं पत्र असो, शेजारच्यांच्या मुलाचा अर्ज असो, सगळं माझ्यासमोर येतं, कारण मी एकटी कॉलेजात गेले. गेल्या पाच वर्षांत या घरात मी ‘मला माहीत नाही’ असं एकदाही म्हटलेलं नाही. माहीत नसेल तर आत जाऊन शोधते आणि बाहेर येऊन असं सांगते जणू माहीतच होतं. मला समजत नव्हतं, म्हणून ते वाईट आहे असं मी म्हणत होते. आणि तू ते सगळ्यांसमोर पकडायच्या बेतात होतीस.

रनिटबद्दल मी जे बोलले ते सगळं खोटं नव्हतं. ज्याच्यावर आपण विसंबतो ते आपल्याला वाचता आलं पाहिजे, हे मला अजूनही मनापासून पटतं. पण त्या चांगल्या विचाराच्या मागे मी लपले होते, हेही तितकंच खरं.

हे सगळं काल आईला सांगितलं. ती अभ्रे मोजत होती. मोजणी चुकू नये म्हणून तिने आधी चाळीसपर्यंत पूर्ण केलं. मग म्हणाली, "बरं झालं बाई. मला वाटायचं या घरात काही माहीत नसणारी मी एकटीच." आणि इतकी हसली की मावशी बघायला आल्या. मग त्याही हसल्या, कशाला ते न विचारता. मीही हसले. वकीलबाई, पाच वर्षांचं ओझं असं दीड मिनिटात उतरतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि आज सकाळी मी बसून तुझी फाइल वाचली. झोपाळूवरची, चिठ्ठ्या छापणारी. नऊ ओळी. माझ्यापेक्षा दोन कमी. चार महिने मी जिला ढिगारा म्हणत होते ती हाताच्या तळव्यावर मावेल एवढी निघाली. मग पुस्तिकाही उघडली. लांब आहे, पण चावत नाही. झाकणाचं पान सापडलं, कोणती ओळ बदलायची तेही दिसलं. बदललेली नाही. तू येईपर्यंत चिमटा.

आता तुझा दुसरा मुद्दा. मी तो मान्य करणार नाही. दुखावलेल्या मैत्रिणीने समजूत म्हणून दिलेलं मत मला नको. आईने सांगून टाकलंय की दोन तऱ्हा चालणार नाहीत, आठही लॅपटॉप एकसारखे हवेत, म्हणजे बाई बदलली तरी हाताची सवय बदलायला नको. तेव्हा कोणतं तरी एकच निवडायचं आहे, आणि त्यासाठी मला तू माझ्याशी भांडायला हवी आहेस.

मावशींनी दोन्ही फाइली मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवल्या आहेत. मी प्रत्येक ओळीचा अर्थ पेन्सिलीने मराठीत लिहिलाय. तुझ्या फाइलीतल्या सहाव्या ओळीपुढे जागा कोरी आहे, ती मला समजली नाही. ती तुझ्याकडून समजून घ्यायची आहे. आई दोन्हींसमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, हिच्यात, म्हणजे माझ्या फाइलीत, ‘जर असं, तर तसं’ दिसतं, त्या दुसरीत काय हवं तेवढंच सांगितलंय, कसं करायचं ते त्याचं त्याने बघायचं. मग म्हणाली, कामाला माणसं ठेवताना मी दोन्ही तऱ्हांची ठेवते, पण यात कोणती बरी ते आत्ताच सांगायची नाही, ती आली की बोलू. पाच वर्षं शिकून मला हा फरक इतका सरळ मांडता आला नव्हता.

शनिवारी दुपारी मशीन बंद असतं. आठ बायका मत देणार आहेत. तुला आणि मला मत नाही, आपण फक्त बोलायचं. प्रेसवाल्या मावशींनी झोपाळूचा प्रचार सुरू केलाय. म्हणतात, झोपतो तो शहाणा असतो. मी बाजू मांडायची तयारी केली आहे, माझीही आणि थोडी तुझीही. तू हरलीस तरी तुझी खुर्ची तुझीच. मी हरले तर सहाही लॅपटॉपवर आणि उपाशीवरही सिस्टिमडी मीच बसवीन, तू शेजारी बसून सांग.

मी म्हटलेलं ते वाक्य मी परत घेते. लिहून परत घेते आहे, म्हणजे तुला हा कागद जपून ठेवता येईल.

शनिवारी तुझ्याशी समोरासमोर भांडायला मिळणार या आनंदात,
तुझी आणि आता थोडी कमी मास्तरीण