बाबा लिंबूटिंबू

रविवार, संध्याकाळ

आज बंगल्यापुढच्या लॉनवर आम्ही सगळे लगोरी खेळलो. पोर्चच्या पायरीवर बसलेले बाबा आपणहून उठून आले. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला त्यांची धास्तीच वाटते. म्हणून मोठ्याने सांगून टाकलं, "बाबा लिंबूटिंबू. त्यांना बाद करायचं नाही." का बोलले मी असं? तेही त्यांच्या जावयासमोर, नातवंडांसमोर.

बाबा फरशीचे तुकडे रचायला वाकले. चेंडू माझ्या हातात होता आणि त्यांची पाठ अगदी समोर. मी मुद्दाम लांब फेकला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाळ पहिल्यांदा उभं राहिल्यावर वाजवतात तशा. बाबांनी लगोरी अर्धीच सोडली. "दमलो गं," एवढंच म्हणाले आणि परत पायरीवर जाऊन बसले.

दमले नव्हते ते. मला कळत नाही का?

लहानपणी दादा मला असंच लिंबूटिंबू करायचा. मी रडत गेले, तेव्हा बाबांनीच त्याला बजावलं होतं, "तिलाही बाद कर. नाहीतर ती खेळतेय कुठे?"

तो चेंडू आज त्यांच्या पाठीत बसायला हवा होता.