चार नंबरचं कार्ड

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीला त्याहून मोठा नमस्कार, कारण पाकीट तीच फोडणार. तुझा गुडघा कसा आहे? माझं बरं चाललंय. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर मी भलतंच बोलून बसते, म्हणून हे पत्र.

मला तीन महिन्यांचं काम मिळालंय. हसू नकोस. दारोदार फिरून लोकांना विचारायचं, की फळझाडांचे जुने वाण जगवायला तुम्ही वर्षाला किती पैसे द्याल. सोबत सहा कार्डं असतात, प्रत्येकावर एका फळाचा फोटो. नियम एकच: कार्डावर छापलंय त्यापलीकडे आपण अवाक्षर काढायचं नाही.

लोक मोठे गमतीचे असतात रे. एका दंतवैद्याने त्यातलं एकही फळ चाखलेलं नव्हतं, तरी भरघोस आकडा सांगितला. का, म्हटलं तर म्हणाला, "मी नाही खाल्लं म्हणून पुढच्यांनीही खाऊ नये का?" चौथ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी ठणकावून शून्य सांगितलं आणि मग तासभर मामाच्या अंगणातल्या आलुबुखाराच्या झाडाबद्दल बोलत बसल्या. फॉर्मवर त्यांचं शून्यच गेलं. तो तास कुठल्या रकान्यात भरायचा हे मी साहेबांना विचारलं, तर त्यांनी पुढच्या इमारतीचा पत्ता हातात ठेवला. मला मात्र आता त्या तासाचंच कुतूहल वाटतं, आकड्यांचं नाही.

मंगळवारी एका न्हाव्याच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. त्याची म्हातारी आई खुर्चीत बसली होती. चार नंबरचं कार्ड डोळ्यांशी धरून तिने विचारलं, "हे सफरचंद आतून गुलाबी असतं का गं?"

"हो, पण फक्त बियांभोवती," मी म्हणाले. "आणि लागतं एक वर्षाआड."

कार्डावर यातलं काहीच नव्हतं. एवढंच छापलं होतं, की या वाणाची दोनच झाडं माहीत आहेत.

म्हातारीने कार्ड खाली ठेवलं. "तू खाल्लंयस," ती म्हणाली. "मग तुझा आकडा किती?"

दादा, ती आपल्या बागेतली रुसकी आहे. एक वर्ष फळायची, एक वर्ष रुसायची, म्हणून बाबांनी तिला रुसकी नाव ठेवलं होतं. दोनशे घरांत तिचा फोटो दाखवत फिरले आणि मला ओळख पटली नाही. फोटोत ती नटूनथटून बसलेली. आपल्याकडे कायम किडकी आणि चिखलाने माखलेली. त्या दोन झाडांत आपलं धरलेलं नाही, हे मी ऑफिसात विचारून आले. आपलं तिसरं.

न्हाव्याच्या दुकानातून मी कार्डं गोळा करून सटकले.

आता इकडचं तिकडचं पुरे. बाग तोडून एकाच जातीची नवी रोपं लावायचा कागद तू माझ्या सहीसाठी पाठवलास, तेव्हा सोबत चिठ्ठी होती. "रुसकी ठेवू का? तू म्हणशील तसं." मी ती वाचली होती. बाबांचं शेवटचं आजारपण तू मला उशिरा कळवलंस, तो राग मनात होता. ते झाड तुझा जीव की प्राण आहे हे ठाऊक असून मी चिठ्ठीला उत्तर दिलं नाही. 'सगळी झाडं' असं लिहिलेल्या कागदावर नुसती सही करून पाठवली. तुला झोंबावं म्हणूनच. मला त्याची फार लाज वाटते.

तोडणारे पंचवीस तारखेला येणार, असं वहिनी म्हणाली होती. त्याआधी हे पत्र पोचेल.

काल मी नियम मोडून स्वतःचाच फॉर्म भरला. 'किती द्याल?' यापुढे आधी एक आकडा लिहिला, मग तो खोडला. शेवटी लिहिलं: बागेतला माझा अर्धा वाटा. साहेबांनी फॉर्म बाद केला, आकडा नाही म्हणून. तू बाद करू नकोस. त्या झाडापायी तुझं नुकसान होऊ नये. माझा वाटा तुझ्या नावावर करायचा कागद पाठव, मी सही करीन.

आणि तुझ्या चिठ्ठीचं उत्तर, सात महिने उशिरा: ठेव.

तुझी,
धाकटी