अकरा वर्षं, शून्य अपघात

३ नोव्हेंबर
दुसऱ्या एजन्सीत नाव नोंदवलं. नोकरी सोडून सुटी कामं करायची, तर आपण पनवेलात घरी बसायचं आणि बायोडाटाने गावभर हिंडायचं! फॉर्ममध्ये प्रश्न — मागची नोकरी का सोडली? 'वैयक्तिक कारण' लिहिलं. किती सोपं.

५ नोव्हेंबर
एजन्सीच्या अंकिताचा फोन. तळोज्याकडे एका कारखान्यात टाक्या साफ करायच्यात, तीन महिन्यांसाठी सेफ्टी ऑफिसर हवा. कंपनीचं नाव आधी सांगत नाहीत — आपण परस्पर गाठू म्हणून. मी एवढंच विचारलं, उरणची नाही ना? "नाही सर. का?" सहज, म्हटलं.

६ नोव्हेंबर
टाक्या. कालपासून जेवण जात नाही.

८ नोव्हेंबर
अंकिताने माझा बायोडाटा सजवून पाठवला. वरच ठळक — 'अकरा वर्षं, शून्य अपघात.'

फोन केला, ती ओळ काढा, उरणच्या कारखान्यात माझ्या हाताखाली एक माणूस गेलाय. "सर, अपघाताच्या रिपोर्टमध्ये तुमचं नाव आलंय का?" नाही. "मग झालं तर! क्लायंटला तेच आवडलंय."

माझं नाव नाहीच त्यात. लिहिलंय, कामगार कुंदन सूचना न ऐकता टाकीत उतरला आणि गॅसने गुदमरून मेला. साफ खोटं. जेवणाच्या सुट्टीनंतर टाकीतला गॅस पुन्हा मोजावा लागतो. मला उन्हात वर चढायचा कंटाळा आला. सकाळचाच आकडा टाकला, टाकीत उतरायच्या परमिटवर सही ठोकली. "साहेब, उतरू ना?" त्याने विचारलं. मी मान हलवली. दोन वर्षं झाली, अजून विचारतो. कधी जिन्यात, कधी दाढी करताना मागून. आणि मी दरवेळी मान हलवतो.

१२ नोव्हेंबर
काम मिळालं. सोमवारी पहिलं परमिट. बायकोने, निशाने, पेढे आणले. तिला यातलं काहीच माहीत नाही. एक खाल्ला.

१५ नोव्हेंबर
उरणला कुंदनच्या बायकोकडे, कीर्तीकडे, गेलो. तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती ओरडेल, मारेल, मग मला हलकं वाटेल — तिथेही माझाच स्वार्थ. ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "मला सांगून काय? माझे सासूला सांगा. पोरगा ऐकला नाय म्हणून गेला, असं धरून बसलीय ती."

धीर झाला नाही. उद्या येतो म्हणालो. "याच," म्हणाली.

१६ नोव्हेंबर
सकाळी अंकिताला कळवलं — ती ओळ खोटी आहे, सोमवारी येणार नाही. मग उरण. कुंदनची आई, कृष्णाबाई, सुकट निवडत बसली होती. समोर बसून सांगितलं. चुकीची कबुली लिहून नेली होती, ती पुढे ठेवली. तिने कागदाकडे पाहिलंही नाही.

"दोन वर्सं," म्हणाली, "मी त्यालाच शिव्या घातल्या."