फुलेवाडीची बिल्डिंग आणि माझा दरारा

३ नोव्हेंबर, सकाळी.
आजपासून मी प्रॉपर्टी मॅनेजर. अनुभव : एकदा घरमालकाने लाथ घालून मला खोलीतून काढलं होतं, त्यामुळे लाईनची माहिती आहे. बायकोचे मामा, आबा, गारगोटीला असतात. त्यांची फुलेवाडीतली बिल्डिंग माझ्या ताब्यात आली. बदल्यात तळमजल्याचा फ्लॅट फुकट. आबा म्हणाले, बिल्डिंग हातातनं गेली की फ्लॅटबी गेला बघा, जावईबापू. मी हसलो. या धंद्यात दरारा लागतो. तो माझ्याकडे भरपूर आहे.

५ नोव्हेंबर.
पाण्याचा पंप बंद. प्लंबरला उशीर झाला म्हणून कानाखाली वाजवली. त्याने माझ्या गुडघ्यावर पाना घातला आणि पंप उघडा टाकून गेला. हल्ली कामाला माणसंच मिळत नाहीत. बर्फ लावला.

६ नोव्हेंबर.
वरच्या मजल्यावरचा अतुल आला. कुरुंदवाडचा. चष्मा, बारीक आवाज. दोन्ही कान चेपलेले, हेल्मेट घट्ट होत असणार. म्हणाला, पावणं, कालपासनं पाणी न्हाय की. मी कॉलर धरली. त्याने नुसतं मनगट धरून माझा हात खाली ठेवला. मनगट अजून ठणकतंय. पण घाबरला नक्की.

८ नोव्हेंबर.
अतुलच्या दारावर लाथ घातली. दार उघडंच होतं. थेट आतल्या कपाटावर आपटलो. ओठाला टाके. अक्षता म्हणाली, पंप दुरुस्त करा की, हाणामारी कशाला? बायकोला मॅनेजमेंट कळत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार.
आबा आले. पार्किंगमध्ये सगळे भाडेकरू बोंबलत होते. मी चारचौघांत जाहीर केलं, कोल्हापुरात तंटा मातीत मिटतो. उद्या तालमीत मी आणि अतुल. तो पडला तर खोली सोडणार. मी पडलो तर बिल्डिंग तोच सांभाळणार. अतुल नको नको म्हणत होता. बिचारा. आबांनी हात मिळवून दिले, म्हणाले, शब्द म्हंजे शब्द.

१० नोव्हेंबर. डाव्या हाताने.
अतुलने चष्मा काढून अक्षताकडे दिला. तिने घेतलाही! सलामी झाली. पुढचं आठवत नाही. अक्षता सांगते, त्याने धोबीपछाड मारली आणि माझ्या खांद्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. आबा म्हणाले, अवं, पैलवान हाय हे कान बघून तरी कळाय पायजे हुतं की! माती ओली होती, दुसरं काही नाही. रिवाजाप्रमाणे जिंकणाऱ्याला फेटा मीच बांधला. एका हाताने बसेना, शेवटी अतुलनेच धरून ठेवला.

१३ नोव्हेंबर.
पंप सुरू झाला. अतुलने आम्हाला बाहेर काढलं नाही, भाडेकरार पुढे केला. डाव्या हाताने सही केली. आता आमचा गिझर बंद पडलाय. अक्षता म्हणते, मॅनेजरना सांगून या की. संध्याकाळी वर जाईन. दार हळूच वाजवीन. खांदा दुखतो म्हणून.