‘पुढचा’ म्हणेपर्यंत

शुक्रवार, ता. १४

ती. दादास,

नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? वहिनीला आणि छोटीला माझी आठवण सांग.

ऑर्गन निघाला. पुढच्या आठवड्यात तुमच्या नव्या सभागृहात पोचेल. इथे चर्च पाडायला सुरुवात झालीच आहे, खिडक्या निघाल्या. मोठे लाकडी पाइप मी ब्लँकेटात गुंडाळलेत, बारके ओळीने खोक्यांत निजवलेत. भात्याचं चामडं विरलंय, उतरवताना जपून उतरवा. ठेकेदार म्हणाला, जुन्या सामानावर एवढा जीव कशाला टाकता? अप्पा असते तर त्याची चांगली खरडपट्टी निघाली असती.

जोडणी झाल्यावर सूर लावताना पट्ट्यांवर मीच हवी, असं तू लिहिलंस. दोनदा उत्तर लिहायला बसले आणि चामड्याबद्दलच लिहीत राहिले.

फोनवर मी सांगितलं, अप्पा काम करता करता गेले, त्यांना कळलंही नाही. अंत्यविधीला आलास तेव्हाही तेच सांगितलं. ते खरं नाही, दादा.

खोलण्याआधी त्यांना प्रत्येक पाइप ऐकायचा होता, म्हणजे मुळात बिघडलेला कुठला आणि वाटेत बिघडला कुठला, हे नंतर कळेल. ते ऑर्गनच्या आत, पाइपांमध्ये शिरले, मी बाहेर पट्ट्यांवर. आपली रीत तुला ठाऊकच आहे. आतून ‘पुढचा’ असं आल्याशिवाय दाबलेल्या पट्टीवरून बोट उचलायचं नाही. तू कंटाळून उचलायचास आणि बोलणी खायचास. मी कधीच उचललं नाही. म्हणून तर अप्पांच्या लेखी तू भिंगरी आणि मी खुंटी.

सगळ्यात जाड पाइपावर ‘पुढचा’ आलाच नाही. तो घुमायला लागला की बाकडी थरथरतात, माणसाचा आवाज कुठला ऐकू येणार? मला वाटलं, सूर पकडताहेत. दाबून बसले. बोट दुखलं तेव्हा दुसरं ठेवलं. मनात म्हटलंसुद्धा, म्हातारा हट्टी, पण मीही त्याचीच लेक.

शेवटी पाडकामवाल्यांनी वीज बंद केली, हवेची मोटर थांबली, आणि आतून घरघर ऐकू आली. अप्पा शिडीच्या पायाशी पडले होते. माझ्या बाजूची फळी ते ठोकत राहिले असावेत, बोटांची सालटी निघाली होती. मला बघून एवढंच म्हणाले, “पुढचा.” दवाखान्याच्या वाटेवर गेले. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

हे वाचून तू मला येऊ नको म्हणालास, तर मी समजेन. पण मला यायचंय. त्यांनी जन्मभर सांभाळलेला सूर परक्याच्या हाती देववत नाही. फक्त आत मी जाईन, पट्ट्यांवर तू बस. तुझं बोट टिकत नाही, तेच मला हवंय. माझी हाक यायला जरा उशीर झाला तरी उचल, आणि आत येऊन बघ.

तुझीच,
खुंटी