वहिनीच्या कार्डात चूक नाही

दादा,

संगणक चालूच ठेवलाय. वहिनीच्या कॅमेऱ्याचं कार्ड त्यातच आहे, ते ओढून काढू नकोस. दूध तापवून ओट्यावर झाकून ठेवलंय, ते मात्र घे. वहिनी गेल्यापासून तू धड जेवलेला नाहीस.

आता डोकं शांत ठेवून वाच. कार्ड सगळं तपासून झालं. संगणक म्हणतो, एकही चूक नाही, काही पुसलं गेलेलं नाही. तेव्हा त्या कॅमेरा दुरुस्तीवाल्याशी पुन्हा भांडायला जाऊ नकोस. वहिनीचे फोटो त्याने घालवलेले नाहीत. ते कधी निघालेच नव्हते. कॅमेरा कायम तिच्याच हातात असायचा, आणि तो मागून घ्यायचं आपल्यापैकी कुणाला सुचलं नाही.

तू खराब म्हणून पुसायला काढलेले फोटो मी परत जागेवर टाकलेत. ती आहे ती त्यांतच. कुठे भिंगावर तिचं बोट आलंय, कुठे खिडकीच्या काचेत तिचं कोपर दिसतंय. बघताना मी दोनदा मागे वळून पाहिलं.

एकात आपण सगळे उन्हात डोळे बारीक करून हसतोय, आणि तिची सावली लांबत लांबत तुझ्या पायांवर आली आहे. तोच छापून आणायला चाललेय, तिच्या फोटोसाठी तू आणलेल्या फ्रेमच्या मापाचा. फोटोवाला विचारेल, सावली काढून टाकू का? मी सांगणार आहे, सावली राहू दे, माणसं काप.

चिंगी