बिनकामाचा बटू

३ सप्टें., शिरपूर
आम्हा जैनायच्या दशलक्षण पर्वासाठी घरी. आईचे उपवास सुरू, माहा राग सुरू. मोबाइलवर सरायची बातमी: दूरच्या आकाशगंगेत नव्या जातीचा स्फोट! सर म्हणजे माहे पीएचडीचे गाईड. माह्या पेपरावरून माहंच नाव खाणारे, ढेकरही न देता.

४ सप्टें.
स्फोटाची जागा त्यायनं जाहीर केली. पाहिली अन् चहा सांडला. तिथं तर माहा बटू आहे! तपकिरी बटू, तारा होता होता राहिलेला. आपल्या जवळचाच, पण इतका अंधुक की सहसा दिसत नाही. डोळे फोडून मीच शोधला होता. पेपर छापताना सरायनं माहं नाव काढलं, अन् "हा बिनकामाचा" म्हणून बटूही. असे बटू कधी कधी भडकतात, घटकाभर. सरायचा स्फोट म्हणजे तोच भडका. गाळला नसता तर लगेच ध्यानात आलं असतं. भोगा म्हणा आता.

५ सप्टें.
जुने फोटो काढून दोनदा तपासलं. तोच आहे. ९ तारखेले सर पत्रकारायसमोर बसणार. आज सांगितलं तर गुपचूप मागं घेतील, माहं नाव पुन्हा कुठंच नाही. नाही सांगत. बोलू दे सगळ्यायसमोर. मग मी. लय बरं वाटून राह्यलं.

७ सप्टें.
मंदिरात डोळे मिटून बसली, तर सरायचं पडलेलं तोंड दिसे. मजा आली. आईनं बरोबर ओळखलं.
"कोनाचं वाईट चिंतून राह्यली व?"
"कोनाचंच नाही."
मंदिरात खोटं. असो.

८ सप्टें., क्षमावाणी
सकाळपासून घरोघर हात जोडणं. वर्षभराच्या चुकांची माफी. आई म्हणे, "सरायलेही कर फोन."
"मी काहून? त्यायनं मागावी मले!"
"त्यायचं ते पाहतीन. तू तुह्यं पाह्य."
नंबर तिनंच लावला, फोन माह्या कानाले.
"कोण बोलतंय?"
नंबरही ठेवला नाही बाप्पा! नाव सांगितलं. म्हटलं, "सर, आज आमची क्षमावाणी. माझं काही चुकलं असेल तर माफ करा."
हसले. "अगं, मी तुला कधीच माफ केलंय!"
माफ केलं. मले! दात आवळून म्हटलं, "उद्यासाठी शुभेच्छा, सर."
फोन ठेवला. आई समोरच उभी. "मनापासून मागितली ना व?"
"हो."
खरंच मनापासून मागितली. चूक अजून उद्या व्हायची आहे.